व्यावसायिक नेटवर्किंग ग्रुपमध्ये वागावं कसं? सदस्यांचे नेहमीचे प्रश्न

ठरावीक दिवशी भेटायचं, एकमेकांचं काम समजून घ्यायचं आणि ओळखीतून एकमेकांना ग्राहक मिळवून द्यायचे, अशा ग्रुपच्या सदस्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. रेफरलवर, म्हणजे ओळखीतून एखाद्याला ग्राहक मिळवून देण्यावर, सर्वांत जास्त लिहिलं आहे, कारण ग्रुपमधली बहुतेक नाराजी तिथूनच सुरू होते.

पहिल्या महिन्यात काय करायचं?

ऐकायचं. सदस्यांची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखा: हे नेमकं काय काम करतात, यांचा चांगला ग्राहक कोण, आणि आपल्या ओळखीत तसं कोण आहे. पहिले दोन रकाने तीन-चार बैठकांत भरतात. तिसरा मात्र त्या माणसाशी निवांत बोलल्याशिवाय भरत नाही.

पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहितीपत्रकं वाटून ‘काही काम असेल तर सांगा’ म्हणण्याची घाई करू नका. तुमचं काम अजून कुणी पाहिलेलं नाही. तुमचं नाव पुढे करायचं म्हणजे समोरच्याने स्वतःची पत तुमच्या हाती द्यायची, आणि ती ओळख होण्याआधी कुणी देत नाही. या पानावरच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

सदस्यांनी माझ्याकडूनच खरेदी करावी, ही अपेक्षा चुकीची आहे का?

त्यांना गरज असेल आणि तुमचं काम पटलं तर ते घेतीलच. पण ग्रुपकडे गिऱ्हाईक म्हणून पाहिलंत, तर तीस जणांची बाजारपेठ दोन-तीन महिन्यांत संपते. खरी ताकद त्या तीस जणांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांत आहे.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलेला निष्कर्ष इथे उपयोगी पडतो. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांना त्यांनी विचारलं होतं, की माहिती देणारी व्यक्ती त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत असे? ‘वारंवार’ म्हणणारे फक्त १६.७ टक्के निघाले. ५५.६ टक्के लोकांची ती अधूनमधून भेटणारी ओळख होती आणि २७.८ टक्के लोकांची क्वचित भेटणारी. कारण सरळ आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. लांबची ओळख वेगळ्या वर्तुळातली बातमी आणते. म्हणून समोरच्या सदस्याला ‘तुम्हाला हवंय का?’ असं विचारण्यापेक्षा ‘तुमच्या कामात तुम्हाला कोण कोण भेटतं?’ हे विचारा.

एका मिनिटाच्या ओळखीत काय बोलावं?

सावकाश बोलणाऱ्याचे मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. तेवढ्यात सगळ्या सेवांची यादी सांगायला गेलं की ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. हे पाहा:

‘आम्ही सर्व प्रकारची इलेक्ट्रिकल कामं करतो. घर, ऑफिस, कारखाना, छोटं-मोठं कोणतंही काम असेल तर नक्की सांगा.’

आणि हे:

‘जुन्या इमारतींतल्या ऑफिसांचं वायरिंग मी बदलून देतो. शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू करतो, सोमवारी सकाळी ऑफिस नेहमीसारखं उघडतं. तुमच्या ओळखीत कुणी “एसी लावला की एमसीबी ट्रिप होतो” असं म्हणालं, तर त्यांना माझ्याबद्दल सांगा. या आठवड्यात मला भेटायचंय ते इमारतींची देखभाल बघणाऱ्या मॅनेजरना.’

दुसऱ्या ओळखीत चार गोष्टी आहेत: एकच काम, ते कसं करतो याची एक खूण, ग्राहकाच्या तोंडचं वाक्य आणि एक नेमकी मागणी. यातलं ग्राहकाच्या तोंडचं वाक्य सर्वांत मोलाचं. तीन दिवसांनी कुणी खरंच एमसीबीची तक्रार केली, की ऐकणाऱ्याला हा माणूस आठवतो. ‘सर्व प्रकारची कामं’ असं कुणीच बोलताना म्हणत नाही, त्यामुळे पहिली ओळख आठवायला निमित्तच मिळत नाही.

दर बैठकीला एक नवी सेवा घ्या. मजकूर आदल्या दिवशी लिहा, घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचा आणि ५० सेकंदांत बसवा. प्रत्यक्ष बोलताना उरलेले १० सेकंद कुठे जातात ते कळतही नाही.

वेळ थोडी जास्त झाली तर एवढं काय बिघडतं?

२५ सदस्यांनी प्रत्येकी अर्धा मिनिट जास्त घेतला तर साडेबारा मिनिटं गेली. ती शेवटच्या माणसांच्या वाट्यातून जातात आणि रेफरल देण्या-घेण्याच्या भागाला कात्री लागते. घंटा वाजली की वाक्य अर्धं असलं तरी थांबा.

बैठकीला उशीर झाला किंवा येणंच जमलं नाही तर?

सुरुवातीच्या १० ते १५ मिनिटं आधी पोहोचणं हाच बैठकीचा अर्धा फायदा आहे, कारण मोकळ्या गप्पा तेव्हाच होतात. उशीर झालाच तर मागच्या खुर्चीत बसा. एकेकाला हात मिळवत पुढे जाऊ नका.

येणं शक्य नसेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवा. बदली माणूस पाठवायची पद्धत असेल तर त्याला तुमची एका मिनिटाची ओळख लिहून द्या, बैठकीचा क्रम सांगा आणि या आठवड्यात तुम्हाला कोण भेटायला हवं आहे तेही कळवा. नुसता खुर्ची भरायला आलेला माणूस तुमच्याबद्दल दोन वाक्यंही बोलू शकत नाही. दुसरं असं की वारंवार गैरहजर राहणाऱ्याला रेफरल मिळत नाहीत, आणि त्यात कुणाचा आकस नसतो. जो दिसत नाही तो वेळेवर आठवत नाही.

बैठकीत फोन वापरला तर चालतो का?

सायलेंटवर, टेबलावर पालथा. टिपणं फोनवरच घेत असाल तर शेजारच्याला तसं सांगून ठेवा.

कार्ड देण्या-घेण्याची काही पद्धत असते का?

बोलणं झाल्यावर, समोरच्याने मागितलं की द्या. मिळालेलं कार्ड तसंच खिशात कोंबू नका. नाव आणि काम वाचा, उच्चार अवघड असेल तर विचारून घ्या. तो माणूस पुढे गेल्यावर कार्डाच्या मागे तारीख आणि बोलण्यातली एक गोष्ट लिहा. ‘मुलीचं क्लिनिक सुरू होतंय, इंटिरिअर हवंय’ एवढ्या नोंदीवर आठवडाभराने केलेला फोन ‘परवा आपण भेटलो होतो’ म्हणणाऱ्या फोनपेक्षा कितीतरी सोपा जातो.

वन-टू-वन, म्हणजे दोघा सदस्यांचीच भेट कशी घ्यावी?

एक तास पुरतो. पहिली २५ मिनिटं एकाची, पुढची २५ दुसऱ्याची आणि शेवटची १० मिनिटं ‘आता आपण एकमेकांसाठी काय करणार’ हे ठरवायला. घड्याळ बघून वाटणी केली नाही, तर बोलका माणूस ५० मिनिटं घेतो आणि दुसरा हसतमुखाने उठून जातो; नंतर तो पुन्हा भेटत नाही.

विचारण्यासारखे प्रश्न असे: तुमचे सर्वांत चांगले तीन ग्राहक कोणत्या प्रकारचे होते आणि ते तुमच्यापर्यंत कसे आले? कोणतं काम तुम्ही घेत नाही? एखाद्याला तुमची गरज आहे हे मी कशावरून ओळखू? ‘कोणतं काम घेत नाही’ हा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि पुढे चुकीचे रेफरल त्याच कामाचे जातात.

वन-टू-वनला विक्रीचं सादरीकरण घेऊन जाऊ नका. भेटीचं कारण एक सांगून तिथे वेगळीच योजना गळ्यात मारणं हा फसवणुकीचाच प्रकार आहे. असा अनुभव आलेला सदस्य पुढे प्रत्येकाच्या भेटीला टाळाटाळ करतो, आणि त्याची किंमत सगळा ग्रुप मोजतो.

रेफरल आणि नुसता नंबर यात फरक काय?

तीन गोष्टी तपासा. समोरच्याला खरी गरज आहे का? फोन येणार हे त्याला माहीत आहे का? आणि निर्णय त्याच्या हातात आहे का? तिन्हींना ‘हो’ असेल तर तो रेफरल. पहिल्या दोनच असतील तरी चालतं, पण तसं स्पष्ट सांगून द्या: ‘गरज आहे, बोलायला तयार आहेत, पण निर्णय त्यांचे भागीदार घेतात.’ फोन येणार हे माहीतच नसेल तर तुम्ही दिलेला तो फक्त एक नंबर आहे.

काही ग्रुपमध्ये रेफरल मोजले जातात. मग आकडा भरण्यासाठी ‘यांना विचारून बघा’ अशा चिठ्ठ्या सुरू होतात. घेणारा अर्धा दिवस फोन करतो, समोरचा म्हणतो ‘मला तर काही बोलले नाहीत’, आणि दोघांपुढे देणाऱ्याचं नाव उतरतं. असं दोनदा झालं की तुम्ही पुढे दिलेला खरा रेफरलही यादीत तळाला जातो. देण्यासारखं काही नसेल त्या आठवड्यात तसं सांगा. कुणाच्या कामाचा चांगला अनुभव आला असेल तर तो बोला. त्यालाही वजन असतं.

ओळख करून देण्याआधी दोघांनाही विचारायचं का?

होय, दोघांनाही आणि वेगवेगळं. आधी ज्याला गरज आहे त्याला विचारा: ‘माझ्या ओळखीचे एक जण हे काम करतात. त्यांचा फोन आला तर चालेल का? कधी सोयीचं पडेल?’ मग सदस्याला विचारा: ‘असं काम आहे, एवढ्या मुदतीत हवंय. घेता येईल का?’ सदस्य हाती असलेल्या कामात गुंतलेला असतो, त्या भागात जात नसतो, किंवा तो ग्राहक त्याला आधीच माहीत असतो. हे ओळख करून दिल्यानंतर कळलं तर तिघांचीही पंचाईत होते.

दोन्हीकडून होकार आला की तिघांचा एकच संदेश पुरेसा आहे:

‘नमस्कार. काल बोललो त्याप्रमाणे तुमची ओळख करून देतो. साहेब औषधांचे वितरक आहेत. नव्या गोदामात रॅक बसवायचे आहेत, जागा साधारण २,००० चौरस फूट, ताबा महिनाअखेरीस मिळेल. मॅडमच्या कारखान्यात रॅक बनतात; आमच्या गोदामाचं काम त्यांनीच केलं आहे, आणि ठरलेल्या दिवशी पूर्ण केलं. मॅडम उद्या सकाळी ११ नंतर फोन करतील. पुढचं तुम्ही दोघं ठरवा.’

प्रत्यक्ष संदेशात अर्थातच नावं आणि नंबर येतील. कोण कुणाला फोन करणार, हे त्यात असायलाच हवं. ते लिहिलं नाही तर दोघंही समोरच्या फोनची वाट बघत बसतात. आणि जे स्वतः अनुभवलं आहे तेवढंच लिहा. ‘एक नंबर काम, डोळे झाकून द्या’ असं न पाहिलेल्या कामाबद्दल लिहिलंत तर त्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

ओळख करून देणाऱ्याचे तिथेच आभार माना आणि पुढचं बोलणं वेगळ्या चॅटमध्ये न्या. भाव, मोजमापं आणि तारखा यांचे पंचवीस संदेश त्याने का वाचावेत?

रेफरल मिळाल्यावर किती वेळात फोन करावा?

२४ तासांच्या आत. प्रवासात किंवा आजारी असाल तर त्याच दिवशी दोन ओळींचा संदेश टाका आणि कधी बोलता येईल तो दिवस कळवा. फोन न केल्याने ग्राहक जातो तो जातोच; त्याहून मोठं नुकसान देणाऱ्याचं होतं, कारण ‘तुमच्या माणसाचा फोनच आला नाही’ हे त्याला ऐकावं लागतं.

त्यानंतर देणाऱ्याला तीनदा कळवा: बोलणं झालं तेव्हा, काम ठरलं किंवा फिसकटलं तेव्हा, आणि काम पूर्ण होऊन पैसे मिळाले तेव्हा. प्रत्येक वेळी एक ओळ बास. रक्कम किती आणि ग्राहकाच्या अडचणी काय, हे सांगू नका. ती ग्राहकाची खासगी बाब आहे. बैठकीत जाहीर आभार मानतानाही ग्राहकाचं नाव त्याच्या परवानगीशिवाय घेऊ नये.

काम मला जमणारं नसेल तर?

लगेच, त्याच दिवशी नाही म्हणा, आणि ग्राहकालाच थेट सांगण्याऐवजी आधी रेफरल देणाऱ्याला कळवा. परस्पर दुसऱ्या कुणाकडे ते काम वळवू नका. ग्राहकाने विश्वास रेफरल देणाऱ्यावर ठेवलेला असतो. तिसरा माणूस त्याला चालेल की नाही हे त्यालाच ठरवू द्या.

मी ज्याचं नाव सुचवलं त्याने काम बिघडवलं. आता?

ग्राहकाचा फोन आला की सदस्याची बाजू घेऊ नका आणि त्याला नावंही ठेवू नका. पूर्ण ऐकून घ्या, काय अपेक्षित होतं आणि काय झालं ते लिहून घ्या. मग सदस्याला एकट्याला फोन करून त्याची बाजू विचारा, आणि तो ग्राहकाला कधी भेटणार ती तारीख घ्या. त्या तारखेनंतर ग्राहकाला स्वतः विचारा. दुरुस्तीचा खर्च तुमच्यावर येत नाही, पण नाव तुम्ही सुचवलं होतं, त्यामुळे शेवटपर्यंत पाठपुरावा करणं तुमच्याकडे येतं.

चूक कुणाकडूनही होते. पाहायचं ते हे, की चूक कळल्यावर सदस्य किती तत्परतेने धावला. न धावणाऱ्याला पुढचा रेफरल देऊ नका.

एखाद्या सदस्याचं काम मला पटत नाही. तरी रेफरल द्यावाच लागतो का?

नाही. ग्रुपमध्ये आहे म्हणून नाव सुचवणं हा ग्राहकावर अन्याय आहे. सदस्याने विचारलंच तर कारण खासगीत आणि नेमकं सांगा: ‘मागच्या कामात तारीख दोनदा पुढे गेली, म्हणून मी थांबलोय.’ ‘बघतो, बघतो’ करत वर्षभर झुलवत ठेवण्यापेक्षा हे बरं. पाठीमागे इतरांशी मात्र बोलू नका.

सदस्य म्हणून सवलत मागावी का?

मागू नये. द्यायची असेल तर ती देणाऱ्याने आपणहून द्यावी. ‘आपल्यातलेच आहात’ म्हणत फुकट सल्ला काढून घेण्याचा सर्वांत जास्त त्रास वकील, डॉक्टर, सीए आणि डिझायनर यांना होतो. पाच मिनिटांत उत्तर मिळेल असा प्रश्न असेल तर विचारा. कागद वाचावे लागणार असतील तर फी विचारून वेळ घ्या. पैसेही ठरल्या दिवशी द्या. ओळखीतल्या माणसाला थकलेले पैसे मागणं फार जड जातं, आणि त्या संकोचाचा फायदा घेणं चांगलं नाही.

रेफरलसाठी कमिशन घ्यावं का?

ग्रुपचे नियम आधी पाहा. अनेक ठिकाणी ते पूर्ण बंद असतं, आणि वकील व डॉक्टर यांना अनेक देशांत त्यांच्या व्यवसायाच्या नियमांनीच मनाई असते. नियमात बसत असेल तरी ग्राहकाला ते माहीत असायला हवं. तुमची शिफारस तो मित्राचा सल्ला म्हणून घेतो. त्यामागे पैसे असल्याचं नंतर कळलं, तर तुमची आधीची प्रत्येक शिफारस त्याला संशयास्पद वाटू लागते.

एका व्यवसायाचा एकच सदस्य, हा नियम कशासाठी?

ही पद्धत जुनी आहे. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने रोटरी सुरू केली, तेव्हा प्रत्येक व्यवसायातून एकेक प्रतिनिधी घेण्यावर तिची उभारणी झाली. बैठका आळीपाळीने (रोटेशनने) सदस्यांच्या कार्यालयांत होत, त्यावरून तिला नाव मिळालं. फायदा हा, की रेफरल कुणाला द्यायचा यावर रुसवेफुगवे होत नाहीत. म्हणूनच प्रवेशाच्या वेळी लिहून दिलेल्या कामापलीकडे हळूहळू पाय पसरू नका. वेबसाइट बनवणाऱ्याने सहा महिन्यांनी छपाईची कामंही मागायला सुरुवात केली, की छपाईवाला सदस्य दुखावतो. नवी सेवा जोडायची असेल तर आधी समितीला विचारा.

एकाच व्यवसायाचे अनेक जण असलेल्या ग्रुपमध्ये तंत्र, कामगार, साहित्य यांवर मोकळेपणाने बोला. भाव किती लावायचा, कोणता ग्राहक कुणी घ्यायचा, टेंडरमध्ये किती रक्कम भरायची, हे विषय निघाले की उठून जा. अनेक देशांत संगनमताने भाव ठरवणं हा स्पर्धा कायद्याचा भंग आहे, आणि गप्पांच्या ओघात झालं हा बचाव ठरत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय टाकावं, काय टाळावं?

बैठकीची माहिती, कामाच्या मागण्या आणि त्यांची उत्तरं. शुभेच्छांचा हिशोब एकदा करून पाहा. ३० सदस्य, प्रत्येकाच्या वाढदिवसाला उरलेल्या २९ जणांचा संदेश, म्हणजे वर्षाला ८७० संदेश. त्यावरचे आभार वेगळे. या गर्दीत कामाची मागणी वर सरकून जाते, लोक ग्रुप म्यूट करतात, आणि मग खरी गरज टाकली तरी कुणी वाचत नाही. शुभेच्छा वैयक्तिक द्या. त्यांचा आनंदही जास्त होतो. दोन बाणांची खूण असलेला संदेश पाच किंवा जास्त चॅटमधून फिरून आलेला असतो. तो ग्रुपवर टाकूच नका.

मागणी टाकताना काम काय, कोणत्या भागात, कधीपर्यंत आणि कुणाशी बोलायचं हे एकाच संदेशात लिहा. माणूस मिळाला की ‘मिळाले, धन्यवाद’ ही ओळ टाका, म्हणजे बाकीचे शोधत बसणार नाहीत. उत्तर देणाऱ्याने नावाबरोबर आपला अनुभवही एका वाक्यात लिहावा. मतभेद ग्रुपवर मिटत नाहीत. दुसरा संदेश टाइप करण्याआधी फोन करा.

सदस्यांचे नंबर माझ्या प्रचाराच्या यादीत घेतले तर?

विचारल्याशिवाय घेऊ नका. ते नंबर एका कामासाठी दिलेले आहेत. ग्रुपची यादी बाहेरच्या कुणाला देणं तर त्याहून गंभीर. ग्रुपने अशा सदस्याला काढलं तर ते योग्यच ठरेल. अनेकांना एकत्र ईमेल करायचा असेल तर पत्ते ‘बीसीसी’मध्ये टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत.

पाहुण्याला बैठकीला आणायचं असेल तर?

त्याचा व्यवसाय ग्रुपमध्ये आधीच आहे का, ते पाहा. बैठक किती वेळ चालते, शुल्क आहे का आणि त्याला किती वेळ बोलायला मिळेल, हे आधीच सांगा. त्याच्या शेजारी बसा आणि त्याच्या उपयोगाच्या दोन-तीन जणांशी ओळख करून द्या. बैठक संपताच सदस्यत्वाचा फॉर्म पुढे करून घेरू नका. दुसऱ्या दिवशी फोन करून कसं वाटलं ते विचारा.

ग्रुप सोडताना काय करावं?

समितीला लेखी कळवा, शक्य तर महिनाभर आधी, म्हणजे तुमच्या व्यवसायाची जागा भरता येईल. हातात असलेल्या प्रत्येक रेफरलची स्थिती तो देणाऱ्याला सांगा, आणि सुरू असलेली कामं ठरल्याप्रमाणे पूर्ण करा. तुम्ही दिलेल्या रेफरलपैकी जे अर्ध्यावर आहेत, त्या ग्राहकांनाही एक फोन करा, की यापुढे अडचण आली तर थेट त्या सदस्याशी बोला, आणि तरीही न सुटल्यास मला कळवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडण्यापेक्षा दोन ओळी लिहून निघा. नाराजी असेल तर ती अध्यक्षांना समोर बसून सांगा.